कार्डाची खतावणी

व्यापारी घराण्यांत वहीला लक्ष्मीइतकाच मान असतो. दिवाळीच्या वहीपूजनात आजही कोऱ्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते. मात्र पेढीचा बराचसा खर्च आता क्रेडिट कार्डावरून होतो आणि वहीत फार उशिरा पोचतो. रोख दिली की गल्ला हलका होतो आणि सायंकाळी रोजमेळ जुळवताना त्या खर्चाची आठवण होतेच. कार्डाने दिले, तर गल्ला तसाच भरलेला दिसतो आणि खर्च विस्मरणात जातो.

या व्यवहाराचे मर्म जुन्या खतावणीच्या भाषेतच उत्तम उमगते. कार्ड देणारी बँक ही पेढीची धनको होय. खर्च ज्या दिवशी झाला, त्या दिवशी तो खर्चखाती नावे पडतो आणि कार्डाच्या खाती जमा होतो. पुढे बँकेचे बिल भागवले, की केवळ देणे फिटते. नवा खर्च होत नाही.

उदाहरणार्थ, सांगलीच्या हळद पेढीचे एक भागीदार मार्चअखेरीस इरोडच्या बाजारात खरेदीसाठी गेले, असे समजू. निवासाचे ८,००० रुपये त्यांनी कार्डाने दिले आणि त्याच कार्डावर घरासाठी १२,००० रुपयांची साडी घेतली. बिल एप्रिलमध्ये आले व २०,००० रुपये भरले गेले. देय-पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या पेढीत निवासखर्च मार्चमध्ये संपणाऱ्या वर्षाचाच. साडीची रक्कम भागीदाराच्या उचल खाती जाईल. एप्रिलमधील भरणा मुनिमाने पुन्हा खर्च म्हणून लिहिला, तर निवासखर्च दोनदा धरला जाईल आणि साडीही पेढीच्या माथी बसेल.

प्राप्तिकर कायद्याचे तत्त्व हेच आहे. खर्च संपूर्णतः व केवळ व्यवसायासाठी झालेला असावा. तो वैयक्तिक वा भांडवली नसावा. कार्ड पेढीचे आहे, एवढ्याने घरखर्च व्यवसायखर्च ठरत नाही. उलट, भागीदाराने स्वतःच्या कार्डावरून पेढीसाठी खर्च केला असल्यास तो पेढीच्या वहीत त्याच्या खाती जमा करून घेता येतो. मात्र त्याचे बिल हाती हवे.

बँकेचे मासिक विवरण म्हणजे बिल नव्हे. विवरणात दुकानाचे नाव, तारीख व रक्कम एवढेच असते. काय घेतले, कशासाठी घेतले, हे त्यातून कळत नाही. वस्तू व सेवा कराची वजावट मिळवण्यासाठी पेढीचा जीएसटी क्रमांक नोंदलेले कर-बीजक लागते. त्यातही सर्वच कर परत मिळत नाही. भोजन व क्लबचे सदस्यत्व यांवरील वजावटीस कलम १७(५)ने सामान्यतः मनाई केली आहे. इरोडच्या निवासावर आकारलेला कर तमिळनाडूतील असल्याने महाराष्ट्रातील नोंदणीवर त्याची वजावट घेता येत नाही. कार्डाच्या वार्षिक शुल्कावर व व्याजावर बँकही जीएसटी आकारते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ते कार्ड व्यवसायाचे असेल, तर पेढीचा क्रमांक बँकेकडे नोंदवणे हिताचे.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. वर्षभरात कार्डाच्या बिलापोटी रोखीने एक लाख किंवा अन्य मार्गांनी दहा लाख रुपये वा त्याहून अधिक भरले गेल्यास, प्राप्तिकर नियमांनुसार बँक ती माहिती विभागाला कळवते. ही नोंद कार्डधारकाच्या पॅनवर होते. धाकट्या भावाच्या कार्डावरून सगळी पेढी चालत असेल, तर एवढ्या पैशाचा उगम कोणता, हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. पेढीच्या वहीत त्याची जमा आणि बँकेतून त्याला झालेली परतफेड स्पष्ट दिसत असेल, तरच त्याला निश्चिंतपणे उत्तर देता येईल.

उपाय साधा आहे. व्यवसायाचे कार्ड वेगळे ठेवावे आणि त्याचे बिल पेढीच्याच खात्यातून भरावे. बिल हाती येताच त्यावर प्रयोजन लिहावे व मोबाइलमध्ये त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण कागदावरील शाई काही महिन्यांत पुसट होते. दरमहा विवरणाची प्रत्येक ओळ बिलाशी ताडून पाहावी; जिचे बिल सापडत नाही, तिचा खुलासा त्याच आठवड्यात मागावा. जीएसटीची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

घरखर्च कोणी किती केला, यावरून भावाभावांत कुजबुज सुरू होण्याआधीच उचल खाते ते सांगून टाकते. चोख लिहिलेल्या कार्डखात्याने करअधिकाऱ्याचे समाधान होते आणि पेढीवरील भागीदारांचा एकमेकांवरचा विश्वासही शाबूत राहतो.