अठरा पूर्ण झाले, आता कुठं?

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागलं की वलगाव येतं. इथंच पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. निराश्रितांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या बाबांच्या या मुलखातही बालगृहातून बाहेर पडलेल्या पोरांबद्दल नको ते समज ऐकायला मिळतात, आणि ते मनाला लागतात.

‘अठरा झाले की सरकार सुटलं.’ तसं नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची तरतूद आहे. ती २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत मिळते. सहा ते आठ जणांचं तात्पुरतं सामाईक घर, विद्यावेतन आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक, एवढं सगळं २०१६ च्या नियमांत आहे.

‘खोली दिली, पैसे दिले, झालं.’ इथंच सगळं अडतं. बँकेचा फॉर्म भरता भरता पोरगा थांबतो. वारसदाराचा रकाना. पेन हातात तसंच. ‘भाऊ, इथं कोनाचं नाव टाकू?’ याचं उत्तर विद्यावेतनात नसतं. त्या वेळी शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

पण ते माणूस टिकणारं हवं. ‘चार महिने गेलो तरी तेवढंच पुण्य’ हा समज सगळ्यात घातक. मुलं आणि त्यांना नेमानं भेटणारे स्वयंसेवक यांच्या जोड्यांवरचा ग्रॉसमन आणि रोड्स यांचा अमेरिकेतला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला. आधीच कुणीतरी सोडून गेलेलं पोर ते, त्याला आपण आणखी एकदा सोडतो. वर्षभर दर रविवारी तासभर जमणार नसेल, तर सुरुवातच करू नये.

‘या पोरांच्यानं काय होते?’ याच रस्त्यानं पुढं वझ्झरला शंकरबाबा पापळकरांच्या आश्रमात वाढलेली, दृष्टिहीन माला पापळकर २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. अनाथांना राज्यात २०१८ पासून १ टक्का आरक्षण आहे. त्यासाठीचं अनाथ प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळतं. ते काढायलाही सोबत लागते.

शंकरबाबांनी आपल्या मुलांना स्वतःचं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मतिमंद, बेवारस मुलांना अठराव्या वर्षी बाहेर काढू नका, त्यांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करा, ही मागणी ते कित्येक वर्षांपासून लावून धरत आहेत.