कोणत्या गावचं नाणं?
खिशातला इतिहास : लेखांक ७

गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, रिझर्व्ह बँकेने काढलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभरच्या नोटांवर गांधीजी बसलेले आहेत आणि मागे सेवाग्रामचा आश्रम दिसतो. आपल्या वर्धा जिल्ह्यातली ही जागा अशी देशभर हातोहात फिरली. संग्राहकांच्या लेखी या नोटांचे तीन प्रकार आहेत: गव्हर्नर एल. के. झा यांची इंग्रजी सही, त्यांचीच हिंदी सही, आणि झांनंतर जेमतेम दीड महिना गव्हर्नर राहिलेले बी. एन. आदरकर यांची सही. पूर्वी हा फरक कुणी जाणकारानेच दाखवावा लागे. आज आर्वीतला शाळकरी मुलगाही मोबाइलवर तो पाहू शकतो, मुंबईच्या लिलावात नोट कितीला गेली तेही वाचू शकतो. व्यापारी सांगेल तोच भाव हे दिवस संपले, याचा मला मनापासून आनंद आहे.

मग नागपूर-पुण्याच्या सभागृहांत भरणाऱ्या नाणे-प्रदर्शनांचं काम उरलं काय? नुसती खरेदी-विक्री म्हणाल, तर ती ऑनलाइन जाणारच.

पण फोटोला वजन नसतं. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. ओतीव नक्कल बहुधा वजनात चुकते, कडेला सांध्याची रेघ दाखवते, तिचा आवाजही बद्द येतो. काटा, भिंग आणि शेजारी ठेवलेलं अस्सल नाणं यांशिवाय डोळा तयार होत नाही. तो तयार नसला की फसवणूक सोपी होते. वैष्णोदेवीच्या चित्राचं २०१२ चं पाच किंवा दहा रुपयांचं साधं नाणं लाखोंना विकलं जाईल, असं सांगून आधी ‘नोंदणी शुल्क’ उकळणारे कितीतरी आहेत. आपलं नाव वापरून चाललेल्या अशा व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला.

याहून मोठं नुकसान मात्र पैशाचं नाही. नाणं कुरिअरने दुसऱ्या राज्यात गेलं की ते कुठं सापडलं ही माहिती मागेच राहते, आणि विदर्भाचा निम्मा प्राचीन इतिहास त्या माहितीवर उभा आहे. १९३९ साली तऱ्हाळ्याला, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, सातवाहनांची सुमारे सोळाशे पोटीन (तांबंमिश्रित धातूची) नाणी एकत्र सापडली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली तेव्हा कुंभ, कर्ण, शक असे पुराणांच्या यादीत नसलेले सातकर्णी राजे उजेडात आले. हीच नाणी एकेक करून विकली गेली असती, तर कोणत्या राजाचं नाणं कुणाच्या नाण्याबरोबर सापडलं हे कळलंच नसतं.

धाम नदीकाठचं पवनार म्हणजे वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर, हेही मिराशींनीच मांडलं. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं. वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, अशी समजूत बराच काळ होती. ती हलली विदर्भात मिळालेल्या तांब्याच्या लहानशा, झिजलेल्या नाण्यांमुळे. असं नाणं संकेतस्थळावर ‘प्राचीन तांबे, दुर्मिळ’ एवढ्याच नावाने चढलं, तर त्याची अर्धी ओळख पुसली गेली.

टोकनांचं तर याहून कठीण. कापड गिरण्यांतले नंबराचे पितळी बिल्ले, पुलगाव-आर्वी छोट्या रेल्वेची जाड पुठ्ठ्याची तिकिटं, खादीच्या हुंड्या: यांचा बाजारभाव नगण्य, म्हणून लिलावाच्या याद्यांत त्यांना जागा नाही. पण हिंगणघाटच्या प्रदर्शनात असा एक बिल्ला मांडला, तर तो कोणत्या खात्याचा, पाळीला कुठं अडकवायचा, हे सांगणारा माणूस अजून गर्दीत भेटू शकतो. ही गिरणीत राबलेली पिढी आता थकली आहे, म्हणून मला घाई वाटते.

तेव्हा प्रदर्शनं महानगरांतून निघून वर्धा, देवळी, हिंगणघाटला यावीत. विक्रीची टेबलं चार कमी चालतील. एक टेबल ओळख आणि नोंदीचं हवंच. घरातली शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) कुणी घेऊन आलं, तर वजन, छाप, दोन्ही बाजूंचे फोटो आणि गावाचं नाव वहीत उतरावं, मग ती वही सर्वांना ऑनलाइन खुली करावी. नाणं मालकाच्या घरी परत जाईल. जमिनीत मिळालेल्या ठेव्याची गोष्ट वेगळी: १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ते कसं कळवायचं आणि पुढे काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.