डिपस्टिक नसलेले तेल

इंजिनातील तेलाची पातळी पाहण्यासाठी मोटारीत डिपस्टिक, म्हणजे खुणा कोरलेली लांब पट्टी, असते. हाताने गिअर टाकायच्या बहुतेक छोट्या मोटारींत गिअरबॉक्सच्या तेलासाठी मात्र अशी पट्टी दिलेली नसते, त्यामुळे त्या तेलाची आठवण सहसा गिअर अडू लागल्यावरच होते. इंजिनातील तेलाचा काही अंश जळतो आणि उरलेल्यात काजळी मिसळते; गिअरबॉक्समध्ये ज्वलनच नसल्याने तेथील तेल दीर्घकाळ टिकते. पण याच कारणामुळे त्याची पातळी घटली असेल, तर ते कोठून तरी गळत आहे एवढाच अर्थ निघतो, आणि ही गळती पुष्कळदा चाकांकडे जाणारा दांडा जेथून बाहेर पडतो तेथील रबरी ऑइल सील झिजल्यामुळे होते.

अँबॅसेडर किंवा मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांची मागची चाके इंजिनाच्या जोराने फिरत, म्हणून त्यांचा गिअरबॉक्स पुढे आणि वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल मागे असे, व दोहोंचे तेलही वेगळे असे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसले आणि पुढची चाके फिरू लागली; गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच कवचात आले. या जोडरचनेला ट्रान्सॅक्सल म्हणतात, आणि आजच्या बहुतेक छोट्या मोटारींत साधारण दोन लिटर तेल या दोन्ही भागांची निगा राखते.

हे तेल केवळ निसरडे असून भागत नाही. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकत्र आणावे लागतात. त्यांची गती आधी समान करण्याचे काम सिंक्रोनायझर रिंग नावाचे, बहुधा पितळेचे, कडे शेजारच्या शंकूवर घासून करते. म्हणजे दातांना घर्षण नको असते आणि या कड्याला ते हवे असते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत जीएल-४ आणि जीएल-५ असे जे भेद आहेत, त्यांचे महत्त्व येथे कळते. जीएल-५ तेल मुख्यतः मागच्या आसातील हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर जोराने घसरत फिरणाऱ्या, दातेरी चाकांसाठी असते व त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगे अधिक असतात. आडव्या इंजिनाच्या मोटारीत शक्ती काटकोनात वळवावी लागत नाही, साधी तिरप्या दातांची चाके पुरतात, म्हणून तो जादा मसाला तेथे अनावश्यक ठरतो; उलट त्याने कड्याची पकड सैल होते, आणि काही संयुगे पितळेलाही झिजवतात. जीएल-५ ही जीएल-४ ची सुधारित आवृत्ती आहे, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ७५डब्ल्यू-९० यांसारखे आकडे फक्त दाटपणा सांगतात : पहिला आकडा थंडीतला, दुसरा १०० अंश सेल्सिअसला असणारा.

तपासणीसाठी गाडी सपाट जागी, शक्यतो पिटवर किंवा चारही चाके सारखी उचलणाऱ्या लिफ्टवर, उभी असावी. फक्त पुढची बाजू उचलली तर तेल मागे सरकते आणि पातळी खोटी दिसते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. गिअरबॉक्सच्या कुशीला असलेला फिलर नट काढल्यावर तेल भोकाच्या खालच्या काठाला टेकलेले असेल, तर ते पुरेसे आहे असे समजावे.

तेल बदलताना गाडी आधी थोडी चालवून तेल कोमट करतात, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह निघते. तळाचा ड्रेन नट सैल करण्यापूर्वी फिलर नट सुटतो आहे याची खात्री करावी; तो गंजून घट्ट बसलेला असेल आणि तेल आधीच सांडून गेले असेल, तर गाडी जागेवरच अडकते. अनेक ड्रेन नटांच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावरचा मऊ करडा लेप ही नेहमीची झीज होय. मात्र नखाला टोचणारा पोलादी तुकडा दाताची मोडतोड सांगतो, आणि तेलात चमकणारी सोनेरी कणी पितळी कड्याची झीज दाखवते. तेल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की तापलेला गिअरबॉक्स एकाएकी थंड होतो, आतली हवा आकसते आणि हवा जाण्यायेण्याच्या ब्रीदर नावाच्या छिद्रातून पाणी ओढले जाते. अशा वेळी किलोमीटर न मोजता तेल बदलावे. शेवटी नवा वॉशर घालून ड्रेन नट आवळावा, फिलरमधून नळीने तेल भरावे, काठावरून वाहणारी धार थेंबांवर आली की नट बंद करावा.

ऑटोमॅटिक गाड्यांना हे सारे नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात आलेल्या एएमटी प्रकारात गिअरबॉक्स मूळचा साधाच असून क्लच व गिअर यंत्र हलवते, त्यामुळे त्याचे गिअर ऑइलही त्याच जातीचे असते. टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सला एटीएफ नावाचे, सहसा लाल रंगाचे द्रव लागते, तर पोलादी पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीचे द्रव वेगळेच असून तेथे एटीएफ चालत नाही.

काढलेले तेल गटारात ओतण्याची सवय सोडली पाहिजे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते, म्हणून ते डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे पोचेल अशा गॅरेजला द्यावे. बदलाची मुदत आणि तेलाची जात प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छापलेली असते, आणि गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या तुलनेत दोन लिटर योग्य तेलाचा खर्च किरकोळ असतो.