सात की साठ?

नुकतंच हॅम रेडिओचं लायसन्स हाती आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे, की गाण्यांसाठी घेतलेला महागडा हेडफोन सेटला जोडला तर चालेल का? बास दणदणीत आहे आणि खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्झ असं छापलंय.

आवाज येईल, पण ते पैसे इथे वाया जातात. एसएसबीवर, म्हणजे हॅम मंडळींच्या बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, माणसाचं बोलणं साधारण ३०० ते २,७०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातून जातं. त्याच्या खाली विजेच्या लाइनची घरघर असते आणि वर नुसती सूंऽसूं. बास फुगवणारा हेडफोन नेमकी ती घरघर फुगवून कानात घालतो.

खरा कस लागतो तो व्यंजनांचा. खरखरणाऱ्या बँडवर पलीकडचा माणूस आकडा सांगतो आणि आपण कागदावर पेन टेकवून थबकतो. सात म्हणाला, साठ की आठ? तिन्हींत ‘आ’ खणखणीत पोहोचलेला असतो. स्वरांची बहुतेक ताकद १,००० हर्ट्झच्या खाली असते. अर्थ ठरवणारे त, ठ, च मात्र क्षीण, क्षणभराचे आणि वरच्या पट्टीतले. ‘स’ची मुख्य शिट्टी तर ४,००० हर्ट्झच्याही वर असते, म्हणजे ती सेटच्या फिल्टरमध्येच कापली जाते. त्यामुळे १,००० ते ३,००० हर्ट्झमधलं जे काही उरतं ते स्वच्छ देणारा साधा हेडसेट गाण्यांच्या हेडफोनपेक्षा सरस ठरतो.

व्यंजनांचं हे महत्त्व ज्याने पक्कं दाखवून दिलं त्या माणसाबद्दल मला मनापासून बोलायचंय. जे. सी. आर. लिकलायडर हे नाव इंटरनेटच्या इतिहासात सन्मानाने येतं, पण त्याचं कानावरचं काम फारसं कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या सायको-अकूस्टिक प्रयोगशाळेत बॉम्बर विमानांचा प्रश्न आला होता. इंजिनांच्या गदारोळात वैमानिकांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं. लिकलायडरने बोलण्याच्या लहरींची उंच शिखरंच छाटून टाकली. आवाज कर्कश झाला, पण शब्द कळत राहिले! मग त्याने उलटं केलं. शिखरं ठेवली आणि मधला बारीक भाग काढला. बोलण्याचा पार चुथडा झाला. शिखरं स्वरांची होती, व्यंजनं त्या बारीक भागात राहत होती. म्हणून शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं, की तेवढ्याच ताकदीच्या ट्रान्समीटरवरून व्यंजनं जोरात जातात. हे निष्कर्ष १९४६ साली प्रसिद्ध झाले. आजच्या सेटवर ‘स्पीच प्रोसेसर’चं बटण दाबणारा प्रत्येक हॅम याच तत्त्वाचा फायदा घेतो.

माइकबाबत एकच पथ्य पाळा. नॉइज-कॅन्सलिंग माइकची पाठ आणि पोट दोन्ही उघडी असतात. दूरचा गोंगाट दोन्हीकडून जवळपास सारखाच दाबतो आणि रद्द होतो, जवळच्या ओठांचा आवाज मात्र एकाच बाजूने जोर करतो. म्हणून तो ओठांच्या कोपऱ्याशी, बोटभर अंतरावर हवा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’ची फुंकर आत जाते आणि हनुवटीखाली लोंबकळत ठेवला तर त्याचा गुणच संपतो. माइक डायनॅमिक आहे की इलेक्ट्रेट, तेही विकत घेण्याआधी सेटच्या पुस्तिकेत पाहावं. इलेक्ट्रेटला थोडा व्होल्टेज लागतो आणि तो प्रत्येक सेट देत नाही.

‘अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’च्या जाहिरातींनी अनेकांची दिशाभूल होते. ते तंत्र खोलीतल्या पंख्याची, जनरेटरची एकसुरी घरघर कमी करतं. बँडवरची खरखर सिग्नलबरोबर त्याच वायरने येते, तिला ते हातही लावत नाही.

ब्लूटूथचं काय? बर्नार्ड ली याने १९५० साली दाखवलं, की स्वतःचा आवाज सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका उशिरा कानावर पडला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो. ब्लूटूथ अनेकदा याच्या जवळपास उशीर करतं. मोर्समध्ये तर आपण ठोकलेलं आपल्यालाच ऐकायचं असतं. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डॉट ६० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तो ऐकू येईपर्यंत हात पुढच्या डॉटवर गेलेला असतो. मोर्स करायचा असेल तर वायरवालाच घ्या.