प्रेक्षकांच्या वर्तनाचे उत्तरदायित्व कोणाचे?

भोपाळची कीर्ती जशी तलावांसाठी आहे, तशीच ती हॉकीसाठीही आहे. औबेदुल्ला खान सुवर्णचषकाची स्पर्धा या शहरात १९३१ साली सुरू झाली आणि ऐशबागच्या परिसरात खेळाडूंच्या पिढ्याच्या पिढ्या घडल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात येथील अहमद शेर खान होते. त्यांचे पुत्र अस्लम शेर खान यांनी १९७५ च्या विश्वचषक स्पर्धेत, मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, अखेरच्या क्षणी बरोबरीचा गोल केला. भारताने तो सामना जिंकला आणि पुढे विश्वचषकही जिंकला. तो गोल झाला तेव्हा करणाऱ्याचा धर्म कोणता, हे विचारण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही. खेळाच्या मैदानावर जमलेल्या समुदायाचे मन इतके विशाल होऊ शकते.

परंतु हाच समुदाय कधी कधी अत्यंत क्षुद्रही होतो. प्रतिपक्षाच्या खेळाडूच्या कातडीचा रंग, त्याची जात, त्याचा धर्म किंवा त्याचा देश यांवरून गर्दीतून शिव्या उठतात. युरोपातील फुटबॉलच्या मैदानांवर हा प्रकार इतका वाढला की, त्याबद्दल प्रेक्षकाला शिक्षा करावी, की ज्या क्लबचा तो समर्थक आहे त्या क्लबला, असा प्रश्न तेथे उभा राहिला. वरवर पाहता हा प्रश्न परदेशचा वाटतो. वस्तुतः त्याचा अनुभव आपल्याकडे पुष्कळ जुना आहे.

तो अनुभव मुंबईच्या क्रिकेटचा. १९०७ साली युरोपियन आणि पारशी यांच्या सामन्यांत हिंदूंचा संघ आला व तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्याने ती चौरंगी झाली आणि १९३७ पासून उरलेल्या समाजांचा ‘रेस्ट’ हा संघ धरून ती पंचरंगी झाली. भोपाळचे नवाब हमीदुल्ला खान १९३५ ते १९३७ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हाही देशातील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट हेच होते. संघ धर्मावर रचलेले, त्यांच्यामागे उभ्या असलेल्या जिमखान्यांचे सभासदत्वही धर्मावर रचलेले. १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियमवर आपल्या वाट्याला पुरेशा जागा आल्या नाहीत, म्हणून हिंदूंचा संघ त्या वर्षी स्पर्धेत उतरलाच नाही. जेथे प्रेक्षकांच्या आसनांचीही वाटणी समाजासमाजांत करावी लागते, तेथे प्रेक्षकाने केवळ उत्तम खेळाला दाद द्यावी, ही अपेक्षा कितपत सफल होणार?

याच काळातील पळवणकर बाळू यांची कथा तर अधिक बोधप्रद आहे. चर्मकार समाजातून आलेल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी मिळविले. परंतु पुण्यात त्यांच्याच संघातील सहकारी चहाच्या वेळी त्यांना निराळ्या पात्रात, निराळ्या जागी चहा देत असत, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही लाभले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. येथे अपमान करणारा प्रेक्षक नव्हता. तो क्लबच्या छपराखालीच होत होता. मंडपात जी वागणूक मान्य होते, तीच गर्दीत आरोळी होऊन उमटते. क्लबच्या जबाबदारीचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

१९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी या स्पर्धेसंबंधी सल्ला घेण्यासाठी वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. धर्मावर आधारलेले सामने बंद व्हावेत असे ज्यांना वाटते, त्यांच्या बाजूने आपण आहोत, असे गांधीजींनी स्पष्ट केले. स्पर्धा लगेच थांबली नाही. तिच्यात उत्कृष्ट खेळही झाला आणि खेळाडूंची परस्परांतील मैत्रीही अनेकदा दिसून आली, हे न्यायाने म्हटले पाहिजे. तथापि १९४५-४६ च्या हंगामानंतर ही स्पर्धा कायमची बंद झाली. प्रेक्षकांना उपदेश करीत बसण्यापेक्षा द्वेषाला आमंत्रण देणारी रचनाच मोडणे अधिक श्रेयस्कर, हा तिचा धडा.

रचना मोडली तरी प्रवृत्ती मोडतेच असे नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला असता अँड्र्यू सायमंड्स या खेळाडूस उद्देशून बडोद्यास माकडाचे आवाज काढण्यात आले. तो गैरसमज असावा, असे म्हणून तो प्रकार प्रथम झटकून टाकण्यात आला. नंतर १७ ऑक्टोबरला मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर तेच घडले. हावभाव करणाऱ्या प्रेक्षकांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली आणि मग नाकारण्यास जागा उरली नाही. चार प्रेक्षकांना मैदानाबाहेर काढण्यात आले. पहिल्याच ठिकाणी तक्रार मनावर घेतली असती, तर मुंबईचा प्रसंग टळला असता की काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनीला हेच पारडे उलटले. तेथे अपमान झाला तो जसप्रीत बुमराह आणि मोहम्मद सिराज यांचा. सिराज यांनी पंचांकडे तक्रार करताच खेळ थांबविण्यात आला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. यजमान मंडळाने जाहीर क्षमा मागितली. पुढील चौकशीत अपमान झाल्याचे सिद्ध झाले. मात्र बाहेर काढलेले प्रेक्षक ते नव्हेत, असेही निष्पन्न झाले. गर्दीतील नेमका दोषी शोधणे किती अवघड असते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

युरोपातील फुटबॉलचा कायदा नेमका या अडचणीतून जन्मला आहे. फुटबॉलच्या नियामक संस्थेचा हुकूम तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकावर चालत नाही. तो केवळ तिच्या सभासद संघटनांवर आणि क्लबांवर चालतो. म्हणून प्रेक्षकाच्या अपराधाबद्दल क्लबने उत्तर द्यावे, क्लबचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी द्यावे, असे तत्त्व तेथे स्वीकारले गेले. नेदरलँड्समधील पी.एस.व्ही. आइंडहोव्हन या क्लबने या तत्त्वास आव्हान दिले. परंतु क्रीडा लवादाने २००३ साली ते तत्त्वच उचलून धरले. २०१३ पासून नियम असा झाला की, पहिल्या अपराधास प्रेक्षागाराचा काही भाग बंद ठेवावा. दुसऱ्यास संपूर्ण मैदान रिकामे ठेवून सामना खेळवावा आणि ५०,००० युरो दंडही करावा.

यावर घेतला जाणारा आक्षेप क्षुल्लक नाही. दहाजणांनी शिव्या दिल्या आणि दहा हजारांची प्रवेशिका रद्द झाली, तर तो न्याय कोणता? मुलाचा हात धरून सामना पाहावयास आलेल्या बापाचा अपराध काय? शिवाय मैदानाबाहेर, आगगाडीत किंवा रस्त्यावर समर्थकांनी केलेल्या कृत्याचे ओझे क्लबवर किती टाकावे? २०१५ साली पॅरिसच्या भुयारी रेल्वेत चेल्सी क्लबच्या काही समर्थकांनी एका कृष्णवर्णीय प्रवाशाला डब्यात चढू दिले नाही. तेथे क्लबचे फाटक नव्हते आणि त्याचे रक्षकही नव्हते. क्लबने संबंधितांना आपल्या मैदानावर बंदी केली आणि चौघांना फ्रेंच न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षा दिली. जेथे क्लबची सत्ता संपते, तेथे त्याचे उत्तरदायित्वही सौम्य झाले पाहिजे.

या आक्षेपाचे उत्तर दोष आणि जबाबदारी यांतील भेद ओळखण्यात आहे. शिवी देणारा दोषी असतो. त्याचा दोष दुसऱ्या कोणास देता येत नाही. क्लब जबाबदार असतो, कारण तिकीट तो विकतो, फाटक त्याच्या हाती असते, आसनाचा क्रमांक त्याला ठाऊक असतो आणि समर्थकांच्या निष्ठेवर त्याचा व्यवहार चालतो. टाळ्यांचा लाभ घ्यावयाचा आणि शिव्या परक्याच्या म्हणावयाच्या, हा हिशेब प्रामाणिक नव्हे. दोन्ही सूत्रे एकत्र कशी चालतात, हे स्पेनमध्ये दिसले. मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रेआल माद्रिदचा खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याचा वर्णावरून अपमान झाला. क्लबला दंड झाला व प्रेक्षागाराचा एक भाग काही सामन्यांपुरता बंद ठेवण्यात आला. अपिलात ही शिक्षा कमी करण्यात आली. परंतु प्रकरण तेथे संपले नाही. जून २०२४ मध्ये तीन प्रेक्षकांना न्यायालयाने आठ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. क्लबने आपली जबाबदारी भोगली आणि दोषींनी आपला दोष.

क्लबने काय केले, यावर त्याची शिक्षा ठरावी, हेच त्यातल्या त्यात न्याय्य होय. प्रवेशिकेवर नाव आणि आसन यांची नोंद होती काय? प्रेक्षागारात शिकविलेले स्वयंसेवक होते काय? खेळाडूने तक्रार करताच ध्वनिक्षेपकावरून इशारा दिला गेला काय, आणि तो न मानल्यास खेळ थांबविण्याची तयारी होती काय? ज्या क्लबने हे सर्व केले आणि दोषी शोधून पोलिसांच्या स्वाधीन केला, त्याला ताकीद पुरे. ज्याने कानांवर हात ठेवले, त्याचे मैदान रिकामे राहावे.

आपल्या देशातही हा विचार लांबणीवर टाकण्यासारखा नाही. मार्च २०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील एका फुटबॉल सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूस प्रेक्षकांनी मारहाण केली. आपल्या वर्णावरूनही अपमान झाल्याची तक्रार त्याने केली. अशा गावोगावच्या सामन्यांना मोठी नियामक संस्था नसते. तेथे स्पर्धा भरविणारे मंडळ हेच कायदा आणि हेच रक्षक असते. परदेशातून किंवा ईशान्येकडील राज्यांतून पोटासाठी खेळावयास आलेल्या मुलाला त्या मैदानावर दुसरा आधार नसतो.

म्हणून नियमाचा आरंभ मोठ्या क्रीडागारापासून नव्हे, तर शहरातील मैदानापासून व्हावा. तेथे दहा वर्षांचा मुलगा प्रथमच सामना पाहावयास येतो आणि कोणत्या प्रसंगी टाळी वाजवावी, हे शेजारच्या मोठ्या माणसाकडून शिकतो. त्या वेळी शेजारून एखाद्याच्या जातीचा किंवा रंगाचा उद्धार ऐकू आला, तर त्या मुलाच्या देखत ती जीभ आवरण्याचे काम मैदानाच्या यजमानाचेच आहे.