टॉवर लोकेशन आणि आरोपीचा हक्क
(लेखांक सहावा)

जप्त मोबाइलच्या पंचनाम्याविषयी मागच्या आठवड्यात वाचले. आता सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद. आरोपपत्रात ‘आरोपीचे टॉवर लोकेशन घटनास्थळी’ एवढे वाक्य आले की घरची माणसे खचतात. तसे खचण्याचे कारण नाही.

सीडीआरमध्ये कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला हे असते. शिवाय कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूच्या अँटेनाला जोडलेला होता, हेही असते. माणूस नेमका कुठे उभा होता, फोन कोणाच्या हातात होता, हे त्यात नसते. फोन जवळचाच टॉवर धरतो असे नाही. ज्याचा सिग्नल चांगला मिळेल तो धरतो. आपल्या रत्नागिरीत तर डोंगर आड आला की जवळचा टॉवर सुटतो आणि उघड्या पाण्यावरून पैलतीराचा लागतो. जयगड आणि तवसाळ समोरासमोर आहेत, मध्ये शास्त्रीची खाडी. पण एक गाव रत्नागिरी तालुक्यातले, दुसरे गुहागरातले. तवसाळला पडवीत बसलेल्याचा फोन जयगडचा टॉवर धरू शकतो, आणि कागदावर तो खाडी ओलांडून आलेला दिसतो. त्या अँटेनाचा पल्ला कुठवर, तपासणाऱ्याने जागेवर जाऊन सिग्नल पाहिला का, हे उलटतपासणीत विचारलेच पाहिजे.

हीच नोंद आरोपीला वाचवूही शकते. मात्र ती कायमची राहत नाही. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये ती किमान दोन वर्षे जपण्याची अट घातली. त्याआधी मुदत एकच वर्ष होती. खटले त्याहून किती लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना ठाऊक आहे. म्हणून बचावाच्या वकिलाने पुराव्याच्या टप्प्याची वाट न पाहता, नोंद जपून ठेवण्याचा अर्ज आधीच द्यावा.

नोंद मिळाली तरी ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली हे सांगणारे जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र लागते. हा मुद्दा पक्का झाला तो जालन्याच्या निवडणूक वादातून. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतल्याचा प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले चित्रीकरण मिळाले, पण वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच हजर केले नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य. कोणी ते देत नसेल तर न्यायालयाकडून आदेश घ्यावा. तपासात मागवलेले सीडीआर वेगळे जपून ठेवा, असे कंपन्यांनाही बजावले. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार त्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाल्यास बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, द्यावी लागते.

पण सीडीआर म्हणजे एखाद्याच्या साऱ्या नात्यागोत्यांचा नकाशा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांना पकडले, तेव्हा हा नकाशा बाजारात मिळतो हे उघड झाले. मग आरोपीने कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यांचीच नोंद मागितली तर? सुरेश कुमार या अमली पदार्थांच्या खटल्यातील आरोपीने २०१४ मध्ये तेच केले; कारवाई करणारे अधिकारी सांगतात तिथे नव्हतेच, असा त्याचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने नोंद मागवू दिली. अधिकाऱ्यांच्या खबऱ्यांना धोका नको म्हणून समोरचे नंबर झाकायला सांगितले, टॉवर उघडे ठेवले. आज असा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली करता येतो.