किंग्ज रॉक शोधताय? मग हिंदूरावच्या टेकडीवर चला

तुमचा स्लोपोक कधीचा तयार आहे. गुलाबी, सुस्त, तोंड अर्धवट उघडं. ५० कँडीही जमल्या आहेत. पण स्लोकिंग करायचं बटण काही दाबलं जात नाही, कारण त्या बटणाशेजारी मुकुटासारख्या दिसणाऱ्या एका दगडाचं चित्र आहे आणि तो दगड तुमच्याकडे नाही. पोकेमॉन गो खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते. मग सुरू होते शोधाशोध: हा किंग्ज रॉक मिळतो तरी कुठे?

घरातल्या ज्यांना या खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनीही इथेच थांबा. या शोधात पुढे एक मराठी सरदार येणार आहे, सम्राट अशोक येणार आहे आणि एक गायब झालेला पीरही. आजीआजोबांना नातवंडांपेक्षा जास्त मजा येण्याची शक्यता आहे.

आधी वस्तू ओळखून घ्या

पोकेमॉन गोमध्ये बहुतेक पोकेमॉन नुसत्या कँडीवर पुढच्या रूपात जातात. काहींना मात्र सोबत एक खास वस्तू लागते. अशा जुन्या पाच वस्तू २०१७ च्या फेब्रुवारीत खेळात आल्या: सन स्टोन, किंग्ज रॉक, मेटल कोट, ड्रॅगन स्केल आणि अप-ग्रेड. मेटल कोट असेल तर ऑनिक्सचा स्टीलिक्स होतो आणि सायथरचा सिझर. ड्रॅगन स्केल सीड्राला किंग्ड्रा बनवतं. आपला किंग्ज रॉक दोघांना लागतो: स्लोपोकला स्लोकिंग व्हायला आणि पोलिव्हर्लला पोलिटोड व्हायला. पोलिटोडसाठी कँडी मात्र १०० हव्यात.

हा दगड त्याहून जुना आहे. १९९९ साली जपानमध्ये आलेल्या पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांत तो पहिल्यांदा दिसला. तिथे स्लोपोकच्या विहिरीत उतरून तळाशी असलेल्या एका माणसाशी बोललं की तो हा दगड हातावर ठेवायचा. विहीर लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

सात दिवसांचं गणित

पोकेमॉन गोमध्ये असा कुणी माणूस नाही. इथे आहेत पोकेस्टॉप, म्हणजे नकाशावरचे निळे थांबे. जवळ जाऊन थांब्याची चकती फिरवली की वस्तू पडतात. त्यातून किंग्ज रॉक एखाद्या दिवशी अचानकही पडू शकतो, पण त्या भरवशावर राहिलात तर महिने जातील.

भरवशाचा रस्ता वेगळा आहे. रोज किमान एक थांबा फिरवायचा. सलग सात दिवस. सातव्या दिवशी पहिला थांबा फिरवलात की या खास वस्तूंपैकी एक हमखास मिळते. मधला एक दिवस जरी चुकला, तरी मोजणी पुन्हा एकपासून. दिवस बदलतो मध्यरात्री, त्यामुळे रात्री साडेअकराला फिरवून पुन्हा सव्वाबाराला फिरवलंत तरी दोन दिवस धरले जातात. (आईबाबांनो, ही युक्ती मुलांना आधीच माहीत असते.)

यात मेख एकच. वस्तू हमखास मिळते, पण कोणती ते तुमच्या हातात नाही. किंग्ज रॉकच्या जागी सन स्टोन येऊ शकतो. मग पुन्हा सात दिवस.

पैसे टाकून का नाही मिळत?

हा प्रश्न घराघरांत येतो, म्हणून जरा स्पष्ट बोलू या. पोकेमॉन गोमध्ये खेळाडू एकमेकांना पोकेमॉन देऊ शकतात, वस्तू नाही. किंग्ज रॉक एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवायची सोयच खेळात नाही. त्यामुळे ‘यूपीआयवर शंभर रुपये टाक, दगड पाठवतो’ असा मेसेज आला, तर समोरचा माणूस फसवतोय हे नक्की. ‘तुझा पासवर्ड दे, मीच काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर पूर्ण खातं जातं.

दुसरी पळवाट म्हणजे खोटं लोकेशन दाखवणारी अ‍ॅप. घरात पलंगावर लोळत टोकियोत फिरल्याचं भासवायचं. पकडले गेलात तर पहिल्यांदा काही दिवस इशारा दिसतो आणि दुर्मिळ पोकेमॉन दिसेनासे होतात, दुसऱ्यांदा खातं महिनाभर बंद, तिसऱ्यांदा कायमचं. तीन वर्षांची मेहनत एका दगडापायी घालवायची का, हे मुलांशी बसून बोलण्यासारखं आहे. ओरडून नव्हे, हिशेब मांडून.

दगड दुर्मिळ आहे तो महाग आहे म्हणून नाही. रोज थोडं बाहेर पडायला लागतं म्हणून. ज्यांनी हा पोकेमॉनचा संसार मांडला, त्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी टोकियोजवळ किडे गोळा करायचा नाद होता. शेतं आणि तळी जाऊन तिथे इमारती आल्या, आणि पुढे १९९६ मध्ये त्यांचा पोकेमॉनचा पहिला खेळ आला. म्हणजे या खेळाचं मूळच घराबाहेर आहे.

थांबे जुन्या जागीच का असतात?

पोकेमॉन गो बनवणाऱ्या नियांटिक कंपनीचा आधीचा खेळ होता इंग्रेस. त्याच्या खेळाडूंनी आपापल्या गावातले पुतळे, देवळं, मशिदी, जुन्या कमानी, भिंतींवरची चित्रं यांचे फोटो आणि माहिती पाठवली. तीच ठिकाणं पुढे पोकेस्टॉप आणि जिम झाली. म्हणून जुन्या वस्तीत थांबे दाटीने असतात आणि नव्या कॉलनीत शोधावे लागतात. भारतात हा खेळ अधिकृतपणे आला डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओच्या साथीने. तेव्हा रिलायन्स डिजिटलची दुकानंही थांबे झाली होती.

तेव्हा सात दिवसांतले सहा दिवस घराजवळचा कोणताही थांबा चालेल. सातवा दिवस मात्र अशा जागी घालवा, जिथे थांबा हे नुसतं निमित्त असेल. दिल्लीत राहत असाल, दिल्ली विद्यापीठात शिकत असाल, मुखर्जीनगरात यूपीएससीचा अभ्यास करणारा दादा किंवा ताई घरात असेल, तर ती जागा अगदी जवळ आहे: हिंदूराव.

हिंदूराव म्हणजे आपला माणूस

दिल्लीत ‘हिंदूराव’ म्हटलं की रिक्षावाला विचारतो, ‘अस्पताल?’ उत्तर दिल्लीच्या टेकडीवर, म्हणजे ज्याला सगळे रिज म्हणतात तिथे, हे महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे. पण त्या नावाचा माणूस मराठी होता, हे तिथे रोज येणाऱ्या कितीजणांना माहीत असेल?

हिंदूराव म्हणजे जयसिंगराव घाटगे, कागलचे. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या त्यांच्या बहीण. कोल्हापूरजवळच्या याच कागलच्या घाटगे घराण्यात पुढे राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. टेकडीवरचा बंगला मूळचा विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि त्यानंतर बंगला हिंदूरावांकडे आला. १८५७ च्या उठावाआधीच हिंदूराव वारले. पण त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात इंग्रज फौजेने टेकडीवर तळ ठोकला, तेव्हा ‘हिंदूरावांचा वाडा’ हाच त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा मोर्चा होता. वाड्याचं पुढे रुग्णालय झालं. नाव मात्र आजतागायत टिकलं.

राजाचा खरा दगड

आता खिशातला फोन क्षणभर खिशातच राहू द्या. रुग्णालयाच्या जवळ, रस्त्यालगत एक उंच दगडी खांब उभा आहे. हा सम्राट अशोकाचा स्तंभ. वय सुमारे २,२५० वर्षं. राजाचा दगड शोधत होतात ना? हा घ्या.

स्तंभ मुळात इथला नाही. अशोकाने तो मेरठला उभारला होता. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो दिल्लीत आणून टेकडीवरच्या आपल्या शिकारीच्या महालाजवळ उभा केला. त्याच सुलतानाने टोपऱ्याहून दुसरा स्तंभही आणला, जो आज फिरोजशाह कोटल्यात आहे. तो कसा आणला याचं वर्णन त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय: स्तंभ अलगद आडवा व्हावा म्हणून खाली सावरीच्या कापसाचे ढीग, मग ४२ चाकांचा गाडा, दोर ओढायला हजारो माणसं आणि यमुनेतून नावा. आपल्या बॅगेत सुरुवातीलाच ३५० वस्तू मावतात. सुलतानाला एका वस्तूसाठी एवढा खटाटोप करावा लागला!

पुढे फर्रुखसियर बादशहाच्या काळात, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि स्तंभाचे पाच तुकडे झाले. ते जोडून १८६७ मध्ये तो पुन्हा उभा केला. जोड आजही दिसतात. मुलांना ते मोजायला सांगा. पायथ्याच्या शिळेवर ही सगळी हकिकत थोडक्यात कोरलेली आहे.

वरची ब्राह्मी अक्षरं आता फार झिजली आहेत. पण अशोकाच्या स्तंभलेखांत काय होतं ते आपल्याला माहीत आहे, कारण जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ही लिपी उलगडली. त्यातला एक लेख पोकेमॉन खेळणाऱ्यांनी मुद्दाम ऐकावा असा आहे. अशोकाने राज्याभिषेकाला २६ वर्षं झाल्यावर प्राण्यांची एक यादीच जाहीर केली: पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव, साळिंदर, खार, कबूतर आणि आणखी कितीतरी. या यादीतल्यांना मारायचं नाही, अशी राजाची आज्ञा.

आपणही याद्या करतो. कोण पकडला, कोण राहिला. अशोकाची यादी होती कुणाला सोडून द्यायचं त्याची. दोन्ही याद्या करायला आधी एकच गोष्ट लागते, आजूबाजूला नीट बघणं. टेकडीवर उभं राहून मुलांना विचारा, अशोकाच्या यादीतले कोण कोण दिसतंय? खार तर पाच मिनिटांत सापडेल.

विहीर आणि गायब झालेला पीर

स्लोपोकच्या विहिरीची आठवण ठेवलीत ना? हिंदूराव रुग्णालयाच्या आवारात फिरोजशाहच्याच काळातली एक पायऱ्यांची विहीर आहे, आता बरीच पडझड झालेली. तिच्याजवळ ‘पीर गायब’ नावाची दुमजली वास्तू. तिच्या छतात आरपार भोक आहे, ते आकाशातले ग्रहतारे पाहण्यासाठी असावं असं मानलं जातं. नावामागची आख्यायिका अशी, की इथे एक पीर राहत असत आणि एक दिवस ते अचानक दिसेनासे झाले.

टेकडीच्या रस्त्याने चालत निघालात तर दक्षिणेकडून क्रम असा लागतो: अजितगड, अशोकस्तंभ, हिंदूराव, चौबुर्जी मशीद आणि शेवटी १८२८ चा फ्लॅगस्टाफ टॉवर. अजितगड हे इंग्रजांनी १८५७ मधल्या आपल्या सैनिकांसाठी बांधलेलं लाल दगडाचं स्मारक. त्यावर ‘शत्रू’ म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते स्वातंत्र्यासाठी लढलेले लोक होते, असा खुलासा स्वतंत्र भारताने तिथे १९७२ मध्ये लावला. मोठ्या मुलांनी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी वाचावेत.

जाताना एवढं पाळा

• हे चालतं रुग्णालय आहे. पीर गायब पाहायचा असेल तर आधी फाटकावर विचारा, रुग्णवाहिकेच्या वाटेत उभे राहू नका आणि वॉर्डांकडे फोन रोखून फिरू नका. खेळ कुठे खेळायचा नाही, हेही शिकण्यासारखं आहे. २०१६ मध्ये हिरोशिमाच्या शांतता स्मारक उद्यानातले थांबे खेळातून काढून टाकावे लागले होते.
• टेकडीवर माकडं भरपूर आहेत. खाऊ हातात धरू नका आणि त्यांना भरवूही नका.
• सकाळी जा, उजेडात परता. पाणी सोबत ठेवा.
• फोन एकाच्याच हातात असू द्या. बाकीच्यांनी रस्ता बघायचा. चालत्या गाडीतून वेगात असताना चकती फिरत नाही, त्यामुळे स्कूटरवर प्रयत्नही करू नका.
• पुलबंगश किंवा विश्वविद्यालय मेट्रो स्थानकावरून रिक्षा मिळते.

आणि सातव्या दिवशी चकती फिरवल्यावर?

कदाचित किंग्ज रॉक पडेल आणि तिथेच, खऱ्या राजाच्या दगडाखाली, तुमचा स्लोकिंग तयार होईल. कदाचित ड्रॅगन स्केल पडेल आणि पोरगं हिरमुसेल. तेव्हा त्याला तो खांब पुन्हा दाखवा. मेरठहून निघाला, पाच तुकडे झाला, जोडला गेला आणि आजही उभा आहे. आपल्याला फक्त आणखी सात दिवस थांबायचंय. आणि स्लोपोकचं म्हणाल, तर त्याला कधीच घाई नव्हती.